रिक्षावरची तीन अक्षरे

अकोल्यात मोर्णा नदीच्या पुलावरून जुन्या शहराकडे निघालेल्या रिक्षांना रमजानच्या संध्याकाळी फार घाई असते. बसलेल्यांच्या मांडीवर खजुराचा पुडा, पिशवीत पपई नाहीतर टरबूज, कुणाच्या हातात कापडात गुंडाळलेला बर्फ. अजानला किती वेळ उरला, हे चालकाला घड्याळ न पाहताही कळते. प्रत्येक रिक्षाच्या काचेवर काही ना काही लिहिलेले असते. कुठे 'जय गजानन', कुठे 'जय भीम', कुठे 'आईचा आशीर्वाद', कुठे 'के.जी.एन.' रोज ही अक्षरे डोळ्यांसमोरून जातात आणि कुणी ती वाचत नाही. सवारीला दोनच गोष्टी पाहायच्या असतात: जागा आहे का आणि भाडे किती.

ही अक्षरे वाचली जातात ती शहर बिघडते तेव्हा.

१३ मे २०२३ च्या रात्री अकोल्यात तसेच झाले. रमजान ईद होऊन तीन आठवडे उलटले होते. समाजमाध्यमावरच्या एका पोस्टचे निमित्त झाले, पोलीस ठाण्यासमोर जमाव जमला आणि बघता बघता जुन्या शहरात दगडफेक, जाळपोळ सुरू झाली. वाहने जळाली. पोलिसांसह अनेक जण जखमी झाले. संचारबंदी लागली. आणि एका माणसाचा जीव गेला.

तो माणूस मुस्लिम नव्हता. तो चालवत होता ती रिक्षा मात्र एका मुस्लिम मालकाची होती. तिच्यावर के.जी.एन. ही अक्षरे होती, असे त्या वेळच्या बातम्यांत आले होते. अजमेरच्या ख्वाजा मोईनुद्दीन चिश्तींना लोक 'ख्वाजा गरीब नवाज' म्हणतात. त्या नावाची ही इंग्रजी आद्याक्षरे. गरिबाला जवळ करणारा, असा त्या नावाचा अर्थ. अजमेरला जाणाऱ्यांत हिंदूंची संख्या किती मोठी असते, हे वऱ्हाडातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका याचिकेत म्हटले आहे की, हल्लेखोरांनी त्या रिक्षाचालकाला मुस्लिम समजून मारले.

दोषी कोण, हे न्यायालयच ठरवील. पण याचिकेतले म्हणणे खरे असेल, तर एक प्रश्न उरतो. समोरचा माणूस कोण आहे, हे ठरवायला त्या चौघांना किती वेळ लागला असेल? रिक्षाच्या काचेवरची तीन अक्षरे वाचायला लागतो तेवढाच.

रंग एकच, खुणा वेगळ्या

२५ मे २०२० रोजी भारतात रमजान ईद होती. टाळेबंदीतली ईद. ईदगाहे ओस पडली होती, लोकांनी घरातच नमाज पढली, गळाभेट राहून गेली. त्याच तारखेला अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मानेवर एका गोऱ्या पोलिसाने नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघा दाबून ठेवला आणि त्याचा जीव गेला. साथीचे भय असूनही माणसे रस्त्यावर आली. आधी अमेरिकेत, मग जगभरच्या शहरांत मोर्चे निघाले.

तिथल्या भेदाची खूण कातडीवर असते. ती दुरून दिसते. घरी जाऊन उतरवून ठेवता येत नाही, नाव बदलून लपत नाही.

वऱ्हाडात तसे नाही. इथले ऊन सगळ्यांना सारखेच रापवते. पराटीत कापूस वेचणाऱ्या बाया, बाजार समितीत पोती वाहणारे हमाल, एसटी स्टँडवर थांबलेले मजूर यांच्यातला कोण कुठल्या धर्माचा, हे चेहऱ्यावरून सांगता येत नाही. बोलीवरूनही नेहमी येत नाही. देशमुख आणि पटेल ही आडनावे इथे हिंदूंत आहेत आणि मुसलमानांतही आहेत. म्हणून जमाव खुणा शोधतो. टोपी, दाढी, कपाळावरचा टिळा, गळ्यातला दुपट्टा, दुकानाची पाटी, गाडीच्या काचेवरचे नाव. या सगळ्या खुणा घातल्या तर आहेत, काढल्या तर नाहीत अशा. रिक्षा तर माणसाची स्वतःचीही नव्हती. संध्याकाळी मालकाला परत करायच्या वस्तूवरून माणसाचे सारे आयुष्य मोजले गेले.

मराठीत 'ओळख' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक ओळख 'पटवतात'. तिच्यात पाहणारा एकटाच सारे ठरवतो, समोरच्याने तोंड उघडायची गरज नसते. दुसरी ओळख 'होते'. तिला दोघे लागतात आणि थोडा वेळ लागतो. दंगलीच्या रात्री पहिली ओळख झटपट चालते, दुसरीला कुणाकडे सवड नसते.

गाविलगडच्या दरवाजावर

आज जी ओळख पक्की वाटते, ती किती काळाची? वऱ्हाडाचा इतिहास या बाबतीत फार बोलका आहे. १४९० मध्ये वऱ्हाडात इमादशाही उभी राहिली. अचलपूर तिची राजधानी. तिचा संस्थापक फतहुल्ला इमादुल्मुल्क. फरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की, फतहुल्ला हा मूळचा विजयनगरच्या हिंदू घरातला. लहानपणी युद्धात कैद होऊन वऱ्हाडात आला आणि इथे मुसलमान म्हणून वाढला. चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडच्या दिल्ली दरवाजावर आजही दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलेला दिसतो. तो पक्षी दक्षिणेतल्या राजचिन्हांमधला. अकोला जिल्ह्यातल्या नरनाळा किल्ल्याचा सर्वांत देखणा दरवाजा १४८७ मध्ये याच फतहुल्लाच्या कारकिर्दीत बांधला गेला. त्याच्यावर अरबी अक्षरांचे शिलालेख आहेत आणि लोक त्याला महाकाली दरवाजा म्हणतात.

हा दरवाजा कुणाचा, हिंदूंचा की मुसलमानांचा? प्रश्नच चुकीचा ठरतो. इमादशाही १५७४ मध्ये निजामशाहीने गिळली, मग निजामशाही मोगलांच्या पोटात गेली. त्यानंतर मराठे, हैदराबादचे निजाम, इंग्रज आले आणि गेले. दरवाजा उभा आहे, त्याच्यावर हक्क सांगणारा एकही राजा उरलेला नाही.

अमरावतीचा परकोटही हेच सांगतो. निजामाच्या अमलात, १८०७ च्या सुमारास, पेंढाऱ्यांपासून शहरातल्या सावकारांना वाचवण्यासाठी हा दगडी कोट बांधायला घेतला. आज पेंढारी नाहीत आणि परकोट पुष्कळ ठिकाणी घरांच्या आड दडला आहे. त्याच्या वेशी आता मुख्यतः पत्ता सांगण्याच्या कामी येतात. परकोटाच्या एका खिडकीचे नाव खुनारी. तिच्याजवळ झालेल्या रक्तपातावरून हे नाव पडले. ज्यांनी मारले आणि जे मेले, त्यांची नावे कुणाच्या ध्यानात नाहीत. नावात राहिले ते फक्त रक्त.

दोन तेरा नोव्हेंबर

याच अमरावतीत १२ नोव्हेंबर २०२१ रोजी, शुक्रवारी, त्रिपुरातल्या घटनांच्या निषेधार्थ मुस्लिम संघटनांनी मोर्चा काढला. त्या वेळी बाजारातल्या दुकानांवर दगड पडले. दुसऱ्या दिवशी, १३ तारखेला, त्याच्या निषेधार्थ बंद पुकारला गेला. पुन्हा जमाव, पुन्हा दगड आणि आता आगही. संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. त्रिपुरा अमरावतीपासून शेकडो कोस दूर. ज्यांची दुकाने पहिल्या दिवशी फुटली त्यांनी त्रिपुरात काही केले नव्हते, आणि दुसऱ्या दिवशी ज्यांची जळाली त्यांनी आदल्या दिवशी दगड उचलला होता, असे कुणी सिद्ध केले नव्हते. दोन्हीकडे दुकानावरची पाटीच तेवढी वाचली गेली.

अमरावतीने आणखी एक १३ नोव्हेंबर पाहिलेला आहे. साल १९२७. अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा यासाठी सत्याग्रहाची तयारी चालली होती. पुढे देशाचे कृषिमंत्री झालेले पंजाबराव देशमुख या लढ्याच्या बाजूने उभे होते. त्या दिवशी इंद्रभुवन थिएटरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली. आदल्याच दिवशी मुंबईत त्यांचे थोरले बंधू बाळाराम यांचे निधन झाले होते. ती बातमी बाबासाहेबांना इथे, परिषदेच्या गडबडीत, कळली. घरातले माणूस गेलेले, समोर पिढ्यान्पिढ्यांचा संताप घेऊन बसलेली माणसे. परिषदेचे काम थांबले नाही. मंदिराच्या पंचांशी बोलणी व्हावीत म्हणून सत्याग्रहाला मुदत द्यायचे ठरले.

ही मुदत म्हणजे माघार नव्हती. त्याच वर्षी मार्च महिन्यात महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिऊन झाले होते आणि अमरावतीनंतर दीड महिन्याच्या आत पुन्हा महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. राग होता, तो खरा होता, आणि तो कुणावर आहे हे नेमके ठाऊक होते. ज्या रूढीने दार बंद केले तिच्यावर तो होता. अंबादेवीच्या वाटेवरच्या फुलविक्यावर नव्हता.

इथे एक शंका रास्त आहे. सारे नाशिवंत आहे, चार दिवसांचे आहे, असे म्हणणे अनेकदा अन्याय सोसायला सांगण्याचीच एक गोड रीत असते. ज्याचे दुकान जळाले, ज्याच्या घरचा माणूस गेला, त्याला जग क्षणभंगुर आहे हे काय सांगायचे? पण नाशिवंत तर अन्यायही असतो. दार कायमचे बंद राहत नाही, हेही अनित्यतेतच येते. मोर्चा निघतो तोच मुळी या भरवशावर. बदलणारच नाही असे वाटले असते, तर घराबाहेर पडले कोण असते?

काबागृहाच्या छतावरून

रमजानशी जोडलेल्या आठवणींत हिजरी सन ८ ची, म्हणजे इसवी सन ६३० ची एक आठवण आहे. त्या रमजानमध्ये प्रेषित मुहम्मद (स.) आपल्या साथीदारांसह मक्केत परतले. ज्या शहराने त्यांना छळले आणि घालवून दिले, त्याच शहरात. लढाई जवळजवळ झालीच नाही, आणि सूडही उगवला गेला नाही. मक्केच्या लोकांना सरसकट माफी मिळाली. नमाजची वेळ झाली तेव्हा काबागृहाच्या छतावर चढून अजान देण्यासाठी प्रेषितांनी निवड केली ती हजरत बिलाल यांची.

बिलाल हबशी होते. काळ्या कातडीचे, गुलामीत वाढलेले. याच मक्केत त्यांच्या मालकाने त्यांना तापलेल्या वाळूवर झोपवून छातीवर धोंडा ठेवला होता, देव एकच आहे असे ते म्हणतात म्हणून. पुढे हजरत अबू बक्र यांनी त्यांना विकत घेऊन मुक्त केले. आता तोच माणूस मक्केच्या सर्वांत पवित्र वास्तूवर उभा होता. काही मोठ्या घराण्यांतल्या लोकांना ते सहन झाले नाही. आपला बाप हे पाहायला जिवंत नाही ते बरे झाले, अशा आशयाचे कुणी बोलल्याचे परंपरेत सांगतात. प्रेषितांनी त्या प्रसंगी जे सांगितले त्याचा मथितार्थ असा की, अज्ञानकाळातला घराण्याचा गर्व आता संपला. सारी माणसे आदमची लेकरे आणि आदम मातीचा.

मातीचा, या शब्दात दोन्ही गोष्टी आल्या. सगळ्यांचे मूळ एक, म्हणून समता. आणि सगळ्यांचा शेवटही तोच, म्हणून गर्वाला जागा नाही. कुरआनच्या हुजुरात या अध्यायात, माणसांची कुळे आणि जमाती का केल्या, याचे कारण दिले आहे. त्यांनी एकमेकांना ओळखावे म्हणून. मराठीतल्या दोन ओळखींपैकी ही दुसरी ओळख आहे, पटवण्याची नव्हे, होण्याची.

बिलाल यांचीही ती वेळ सरली. प्रेषितांच्या निधनानंतर त्यांना मदिनेत अजान देणे जमेना, गळा दाटून येई, असे सांगतात. ते शामला, म्हणजे आजच्या सीरियाकडे, निघून गेले आणि तिथेच त्यांचा अंत झाला. आवाज गेला. पण चौदाशे वर्षांनी अमरावतीच्या इतवाऱ्यात किंवा अकोल्याच्या ताजनापेठेत अजान होते, तेव्हा त्या परंपरेच्या तोंडाशी एक काळा, गुलामीतून सुटलेला माणूस उभा असतो.

'मी रोजेदार आहे'

रोजा म्हणजे दिवसभर उपाशी राहणे, एवढेच बिगरमुस्लिम शेजाऱ्यांना सहसा ठाऊक असते. कधी कधी मुसलमानालाही तेवढेच आठवते. पण हदीसमध्ये एक सूचना अशी आहे की, रोजा असताना कुणी भांडायला आले, शिवी दिली, तर उलट भांडू नये. मी रोजेदार आहे, एवढेच सांगावे.

या उत्तराकडे नीट पाहिले पाहिजे. भांडायला आलेला माणूस समोरच्याला एखादे नाव चिकटवत असतो: तू अमक्या जातीचा, तमक्या धर्माचा. त्याला माझे कुळ तुझ्याहून मोठे, असे उत्तर द्यायचे नाही. आपण या क्षणी स्वतःला आवरून धरले आहे, एवढीच ओळख द्यायची. ही ओळख जन्माने मिळत नाही. रोज पहाटे सहेरीला ती नव्याने घ्यावी लागते आणि सूर्य बुडाला की सुटते. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

आणखी एका हदीसचा आशय असा: ज्याने खोटे बोलणे आणि खोट्यावर वागणे सोडले नाही, त्याने अन्नपाणी सोडल्याची ईश्वराला गरज नाही. आजच्या काळात हे मोबाइललाही लागू करायला हरकत नाही. २०२१ ची अमरावती असो की २०२३ चे अकोला, इंटरनेट बंद करण्याची किंवा पोस्टवरून शहर पेटण्याची पाळी आली ती कुणीतरी न तपासता पुढे ढकललेल्या मजकुरामुळेही. तोंडाचा रोजा आहे, तसा अंगठ्याचाही असायला हवा. हा रोजा ठेवायला मुसलमान असावे लागत नाही.

गणवेश आणि माणूस

अकोल्याच्या त्या रात्रीची कथा अजून संपलेली नाही. सतरा वर्षांच्या एका मुस्लिम मुलाने सांगितले की, रिक्षाचालकावरचा हल्ला आपण पाहिला आणि हल्लेखोरांनी आपल्यालाही मारले. त्याच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवला गेला नाही. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची याचिका फेटाळली. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. ११ सप्टेंबर २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने पोलिसांच्या कामावर कडक ताशेरे ओढले. अंगावर गणवेश चढला की धर्म, वंश, जात यांचे पूर्वग्रह उतरवून ठेवले पाहिजेत, असा त्या निकालाचा भाव होता. तपासासाठी हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही समाजांतल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचे विशेष पथक नेमावे, असा आदेश झाला.

राज्य सरकारने फेरविचार मागितला. अधिकारी धर्म पाहून नेमणे हे धर्मनिरपेक्षतेच्या तत्त्वाशी विसंगत आहे, असे सरकारचे म्हणणे. नोव्हेंबरमध्ये त्यावर दोन न्यायमूर्तींची मते वेगवेगळी पडली आणि पुढे तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या आदेशाला स्थगिती दिली.

कायद्याचा भाग न्यायालयाचा. सामान्य माणसाला यातली अडचण मात्र लगेच कळते. ज्या खुणांवरून माणूस मारला गेल्याचे म्हणणे आहे, त्याच खुणा मोजून न्याय द्यायचा का, हा एक प्रश्न. आणि ज्यांचा विश्वास उडाला आहे त्यांचा तो परत कसा आणायचा, हा दुसरा. दोन्ही प्रश्न खरे आहेत. एकाने दुसरा पुसला जात नाही.

तरी एक गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. ज्याने मार खाल्ल्याचे सांगितले, त्या मुलाने कुणाच्या दुकानाची पाटी वाचली नाही, अर्ज केला. आणि त्या अर्जामागे मृत्यू कुणाचा आहे? ज्याच्याशी त्याचे नाते नव्हते, ज्याचा धर्म वेगळा होता, अशा एका रिक्षाचालकाचा. निषेधाचे हेही एक रूप आहे. त्याला घोषणा नसतात आणि वेळ फार लागतो.

मोर्णेच्या पुलावर सूर्य बुडतो. अजान ऐकू येते. एखादा रोजेदार चालक रिक्षा कडेला घेतो, पुडा उघडतो, आणि स्वतः घेण्याआधी एक खजूर मागे बसलेल्या सवारीपुढे धरतो. सवारी तो घेते. दोघे क्षणभर गप्प असतात, मग रिक्षा पुन्हा निघते. काचेवर काय लिहिले आहे, हे सवारीने अजूनही वाचलेले नसते. ते वाचलेच पाहिजे असे नाही. पण उतरताना चालकाचे नाव तेवढे विचारावे आणि आपले सांगावे. शहर शांत असते तेव्हाच हे जमते.